संगणक स्लो झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

गणपतीला तीन आठवडे उरले होते. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या मंडळाच्या फ्लेक्सचं काम भाच्यानं अंगावर घेतलं आणि त्यासाठी डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर कुठून तरी 'फुकट' उतरवलं. फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये होती आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा. त्यानं ठेवला. फ्लेक्स झाला, चौकात लागलाही. आठवडाभरात ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान यायला लागलं, उजव्या कोपऱ्यात जाहिराती उगवायला लागल्या, काहीही चालू नसताना पंखा घरघरायला लागला. मग एका रात्री वहिनीच्या सोशल मीडियाच्या खात्यावरून तिच्या माहेरच्या माणसांना पैसे मागणारे मेसेज गेले.

मी मशीन उचलून दुकानात नेलं. "ताई, फॉरमॅट मारून देतो, सगळं क्लीन होतंय," असं उत्तर मिळालं आणि मी हो म्हटलं. मशीन परत आलं तेव्हा चांगलं पळत होतं, पण डेस्कटॉपवरचं 'आजी' नावाचं फोल्डर नव्हतं. आजीची पत्रं स्कॅन करून त्यात ठेवली होती. महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, अशा समजात आम्ही होतो. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे तेव्हा कळलं. उलट डी ड्राइव्हला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे ती झिप फाइल मात्र तिथं शाबूत राहिली. दहा दिवसांनी भाच्यानं तीच पुन्हा चालवली.

दुसऱ्या वेळी मी दोन रविवार बसून स्वतः साफसफाई केली. त्यातून जो क्रम हाती लागला, तो इथं लिहितेय. विंडोज १० आणि ११ या दोन्हींना तो लागू आहे. मेनूतल्या नावांत थोडा फरक दिसला तर घाबरू नका.

सुरुवातीलाच हे जवळ घेऊन बसा:

- घरातला दुसरा, बिघाड नसलेला मोबाइल किंवा संगणक
- एक्स्टर्नल हार्ड डिस्क, किंवा फोटो-कागदपत्रं मावतील एवढा पेनड्राइव्ह
- आणखी एक रिकामा पेनड्राइव्ह, किमान ८ जीबीचा
- वही आणि पेन (नवे पासवर्ड संगणकावर टाइप करून ठेवू नका)
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- लॅपटॉप असेल तर चार्जर, डेस्कटॉप असेल तर यूपीएस. स्कॅन चालू असताना वीज गेली की सगळं पहिल्यापासून

१. स्लो आहे की लागण झालीय, ते आधी ओळखा

स्लो झालेलं प्रत्येक मशीन स्पायवेअरनं (गुपचूप माहिती चोरणाऱ्या सॉफ्टवेअरनं) धरलेलं नसतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांवर पाच मिनिटं नजर ठेवा. मशीन चालू केल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, आणि परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. अशांनी पायरी ३ चा बॅकअप घेऊन, पायरी ५ मधलं एक पूर्ण स्कॅन करून सरळ पायरी ८ वर जावं.

लागण झाल्याच्या खुणा वेगळ्या असतात. होमपेज आपोआप बदलतं. न टाकलेली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) दिसतात. अँटिव्हायरस बंद झालेला असतो आणि चालूच होत नाही. ओळखीची माणसं विचारतात, 'हा मेसेज तू पाठवलास का?' घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसलं तरी चौकशी करा. काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते, पण पुष्कळदा कुणीतरी सेटिंग्जना कुलूप घातल्याची ती खूण असते.

इथं नवखी माणसं एक चूक हमखास करतात. टास्क मॅनेजरमध्ये अनोळखी नाव दिसलं की लगेच बंद करतात. 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या डझनभर ओळी दिसतील, त्या विंडोजच्याच आहेत. संशय असेल तर नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. फाइल टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये असेल आणि नाव निरर्थक अक्षरांचं असेल, तर ते वहीत लिहून ठेवा. अजून पुसू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ती मनापासून सांगतेय. घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसानंच तुमच्यावर नजर ठेवायला काही बसवलंय, अशी शंका असेल तर लगेच काढू नका. काढल्याचं त्या माणसाला कळतं आणि पुरावाही जातो. दुसऱ्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी किंवा पोलिसांशी आधी बोला.

२. इंटरनेट तोडा आणि खाती वाचवा

वाय-फाय बंद करा, केबल असेल तर उपसून काढा. स्पायवेअर गोळा केलेली माहिती बाहेर पाठवतं ते याच वाटेनं.

आता दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायला घ्या. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांची चावी तिथं असते. मग बँक, मग सोशल मीडिया. बिघडलेल्या संगणकावरून पासवर्ड बदललात तर नवा पासवर्डही त्याच चोराच्या हातात जातो. वहिनीनं पहिल्या वेळी नेमकं तेच केलं होतं आणि दोन दिवसांत खातं पुन्हा गेलं.

नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलणारी स्पायवेअर असतात. चालू लॉगिनची कुकी हाती लागली की चोराला पासवर्ड लागतच नाही. म्हणून प्रत्येक खात्यात 'युवर डिव्हायसेस' किंवा तशा नावाच्या जागी जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये हा संगणक असेल तर तिथूनही काढून टाका.

पैसे गेले असतील तर संगणक तसाच ठेवा आणि पहिला फोन १९३० ला लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ, बँकेचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉट आणि ओळखपत्र लागेल. बँकेला त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकानं ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणं महत्त्वाचं मानलंय. जितका उशीर, तितका भार ग्राहकावर येत जातो.

३. बॅकअप: या पायरीला घाई करू नका

आमचं नुकसान झालं ते इथंच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही चारही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात, तुमच्या नावाच्या फोल्डरखाली. म्हणजे 'डीमध्ये ठेवलंय' असं ज्यांना वाटतं, त्यांचंही निम्मं सामान सीमध्ये असतं. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं काय कुठं आहे? बाबांच्या टॅलीच्या नोंदी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, सातबाऱ्याच्या पीडीएफ कुठं उतरवल्या, मुलीच्या विद्यापीठाच्या फॉर्मची पावती कुठं आहे. सगळं एका कागदावर लिहा आणि मगच कॉपी करायला घ्या.

काय घ्यायचं? फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, वर्ड आणि एक्सेलच्या फाइली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा त्यानंच बनवलेला बॅकअप. काय घ्यायचं नाही? इन्स्टॉल करायचे सेटअप, झिप फाइली, 'क्रॅक' किंवा 'अ‍ॅक्टिव्हेटर' (विकतचं सॉफ्टवेअर पैसे न देता चालवायची चोरटी साधनं) नावाचं काहीही. आमची लागण परत आली ती अशाच फाइलीतून. खरंच लागणारं सॉफ्टवेअर नंतर कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्यानं उतरवता येतं.

कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली उघडून बघा. कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणजे फाइल उघडेलच असं नाही. मग डिस्क काढून बाजूला ठेवा, साफसफाई होईपर्यंत परत जोडू नका.

पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत राहणाऱ्यांनी एक प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. संगणक आणि बॅकअप एकाच कपाटात ठेवले तर पाणी दोघांनाही गाठतं.

बॅकअप घेताना हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर बाकी सगळं थांबवा. डिस्क मरणपंथाला लागलीय. सगळ्यात महत्त्वाचं तेवढं उचला आणि मशीन बंद करा. अशा डिस्कवर स्कॅन चालवणं म्हणजे तिला उरलेल्या ताकदीनिशी पळवणं.

लॅपटॉपवाल्यांनी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की आत्ताच मिळवून वहीत लिहावी. ती ४८ अंकी असते आणि बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. कित्येक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढच्या पायऱ्यांत मशीननं ती की मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर स्वतःच्याच फाइलींना मुकाल.

४. नको ते प्रोग्रॅम काढा

सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात आलेलं आणि तुम्ही स्वतः न टाकलेलं अनइन्स्टॉल करा. आमच्याकडे त्या सॉफ्टवेअरसोबत आणखी तीन जण आले होते: एक 'पीसी क्लीनर', एक 'ड्रायव्हर अपडेटर' आणि एक कूपन दाखवणारं. अनइन्स्टॉल करताना ते प्रश्न विचारतात, 'खात्री आहे का? ठेवून द्यायचं का?' बटणं मुद्दाम उलटसुलट रंगवलेली असतात. वाचून दाबा.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी 'क्लीनर' बसवायचा मोह होईल. आवरा. त्यांनी वेग वाढलेला मला दिसला नाही, आणि चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोजच उघडत नाही.

५. स्कॅन, याच क्रमानं

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतलेला असेल तर त्यानंच स्कॅन करा, पण दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन आणखी जड होतं.

पहिलं काम, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा, मॅनेज सेटिंग्जमध्ये जा आणि खाली 'एक्सक्लूजन्स' बघा. डिफेंडरनं कुठल्या फोल्डरकडे बघायचं नाही, त्याची ही यादी. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर बसताना स्वतःचं नाव तिथं घालून ठेवतात. आमच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे ही यादी बघण्याआधी मी केलेलं स्कॅन काहीच तपासत नव्हतं आणि 'सर्व काही ठीक' असं सांगत होतं. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढून टाका. त्याच पानावर रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा.

आता मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून थोडा वेळ इंटरनेट जोडा, प्रोटेक्शन अपडेट्स घ्या आणि परत तोडा. मग स्कॅन ऑप्शन्समधून फुल स्कॅन चालवा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी जे सापडलं असेल ते 'रिमूव्ह' करा.

त्यानंतर त्याच यादीतलं ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उघडण्याआधीच साधारण १५ मिनिटं तपासणी होते. विंडोज चालू असताना लपून बसणारी मंडळी इथं सापडतात. उघडलेलं काम आधी सेव्ह करा.

तिसरं, दुसऱ्या वैद्याचं मत. दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती रिकाम्या पेनड्राइव्हवर आणा आणि इथं चालवा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, तेव्हा जुना पडून असलेला वापरू नका. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या त्यांच्या संकेतस्थळावरही साफसफाईची मोफत साधनं आहेत.

ही साधनं सर्चमध्ये शोधताना पहिल्या दोन-तीन ओळी जाहिरातीच्या असू शकतात. मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं की थांबा आणि वर पत्ता वाचा. अँटिव्हायरस शोधायला गेलेला माणूस नवं स्पायवेअर घेऊन येतो, तो याच वाटेनं.

स्कॅन मध्येच बंद पडत असेल तर सेफ मोडमध्ये जा, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह उघडेल. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि शेवटी ४ हा आकडा. तिथं मालवेअरबाइट्ससारखं साधन पुन्हा चालवा.

६. ब्राउझर

एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि ओळख पटत नाही ते सगळं काढा. मग साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स बघा. कोपऱ्यात उगवणाऱ्या 'व्हायरस सापडला' अशा जाहिराती पुष्कळदा इथूनच येतात. कधीतरी कुणीतरी 'अलाऊ' दाबलेलं असतं, बस्स. शेवटी ब्राउझर रीसेट करा. बुकमार्क राहतात.

नेटवर्क अँड इंटरनेटखाली प्रॉक्सी (इंटरनेटची वाट मध्ये दुसऱ्या संगणकावरून वळवणारी सोय) नावाचं पान आहे. मॅन्युअल प्रॉक्सी चालू दिसली आणि तुम्ही ती लावली नसेल, तर बंद करा.

आणि पूर्ण पडदा व्यापून 'तुमचा संगणक लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं आलं, सोबत भोंगा वाजला, तर ते नुसतं वेब पान असतं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्या नंबरवर फोन करायचा नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं रिमोट अ‍ॅप (दुरून दुसऱ्याला आपला संगणक चालवू देणारं) टाकायचं नाही. आईवडिलांना हे आजच सांगून ठेवा.

७. तरीही गेलं नाही तर रीसेट

दोन-तीन स्कॅननंतरही तेच नाव परत येत असेल तर झुंजत बसू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. (विंडोज १० मध्ये रिकव्हरी 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडेल.) लागण झालेली असताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा, आणि बॅकअप उघडून बघितला असेल तरच. क्लाउड डाउनलोड निवडलं तर सुमारे ४ जीबी डेटा जातो, पण विंडोजची ताजी प्रत मिळते. सगळे ड्राइव्ह पुसायचे की फक्त विंडोजचा, असं विचारलं जातं तिथं आमची ती डी ड्राइव्हमधली झिप आठवा.

८. आता वेग

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. अँटिव्हायरस आणि टचपॅडची नोंद राहू द्या. स्टोरेजमधून टेम्पररी फाइल्स काढा, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'वर खूण असेल तर ती आधी काढा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नका.

एवढ्यानं थोडा फरक पडतो. खरा फरक एसएसडीनं (फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कनं) पडतो. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी ५०० च्या आसपास, आणि विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचण्यात तर तुलनाच नाही. आमचं मशीन सुरू व्हायला चहा उकळून व्हायचा, आता गॅस पेटवेपर्यंत लॉगिनचा पडदा येतो. बसवल्यावर एसएसडी डीफ्रॅग करायच्या (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायच्या) भानगडीत पडू नका, तिची देखभाल विंडोज स्वतः करतं. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. घेण्याआधी डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

धूळ विसरू नका. उसाच्या गाळपाच्या हंगामात शहराच्या कडेला गच्चीवर काळी काजळी पडते, ती संगणकाच्या पंख्यातही शिरते. वर पावसाळ्याची दमट हवा, की थर चिकटून बसतो. आतून तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मशीन बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशनं डेस्कटॉप साफ करा. लॅपटॉप उघडायचा अनुभव नसेल तर तेवढं काम दुकानात द्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केल्याप्रमाणे जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा भाग) लागतं, ते जुन्या मशीनमध्ये नसेल तर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स मिंट बसवून बघा. ब्राउझर, पत्रं, व्हिडिओ एवढंच काम असेल तर ते छान चालतं. टॅली किंवा डीटीपीवाल्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये.

९. दुकानात द्यायचंच असेल तर

राजारामपुरी काय, शाहूपुरी काय, चांगले कारागीर आहेत. आपण सांगण्यात कमी पडतो. पावतीवर मशीनचा सीरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती आहे ते, आणि 'विचारल्याशिवाय डेटा पुसू नये' ही ओळ लिहून घ्या. बॅकअप घरी घेऊनच जा. मुख्य ईमेलचा पासवर्ड देऊ नका. विंडोजचा पासवर्ड मागितला तर तात्पुरता लावून द्या आणि घरी आल्यावर बदला. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर जुनी डिस्क मागून घ्या. अनोळखी अ‍ॅक्टिव्हेटरनं विंडोज चालू करून दिलं जातंय का, तेही विचारा. तसं असेल तर पायरी ५ मधली एक्सक्लूजन्सची यादी घरी आल्या आल्या उघडून बघा.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह जोडल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांच्यावर डबल क्लिक करू नका, आधी स्कॅन करा. मूळ फोल्डर बहुतेक वेळा आतच लपवलेली असतात, व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसतात. तरी नाही दिसली तर एखादा जाणकार अ‍ॅट्रिब कमांडनं काढून देईल. आम्ही आता प्रिंटसाठी एक वेगळाच छोटा पेनड्राइव्ह ठेवलाय. त्यात त्या दिवशीच्या दोन-चार पीडीएफ सोडून काही नसतं. भाचा मंडळाचे फ्लेक्स आता इंकस्केपवर करतो. ते खरोखरच फुकट आहे.